स्पार्टाचा काळा रस्सा

माय, सगळ्यांत आधी आली ती पंजाब्यांची. आमच्या मागच्या गल्लीतली, लांब वेणीची. बापाने गाडीतून दारात सोडली आणि तो खाली उतरून मला हात जोडून म्हणाला, "माताजी, बहुत बोलती है, थक जाओगे आप." मी म्हटलं, बोलू दे बाबा, मला तेच पाहिजे. त्याला काही कळलं नसेल, हसला आणि गेला. पोरीने बूट काढून जोडीने भिंतीशी लावले, ते मी बघून घेतलं. मग आला कुरळ्या केसांचा मुलगा, पलीकडच्या टाउनहाउसमधून चालत, जॅकेट उघडं, डोक्यावर टोपी नाही. मार्च लागला तरी इथे रस्त्याच्या कडेला बर्फाचे ढीग तसेच आहेत, काळे पडलेले. त्याच्या आईबापाचं गाव सोमालियात, तो मात्र इथलाच जन्मलेला. शेवटी लाल केसांची. नाकावर ठिपकेच ठिपके, जशी ज्वारीच्या भाकरीवर चट्टे पडतात तशी. तिची आई दारातूनच विचारत होती, घरात शेंगदाणे नाहीत ना, लेकीला ते बाधतात. सुनेने सकाळीच शेंगदाण्याचा डबा गॅरेजमध्ये नेऊन ठेवला होता, म्हणून मी मोठ्या ऐटीत मान हलवली.

तू म्हणशील, कोण कुठली ही पोरं आणि तू त्यांच्या बुटांचं काय घेऊन बसलीस. सांगते. ही माझ्या नातीच्या वर्गातली. आणि या घरात ती पहिल्यांदाच कुणी आली.

आम्ही आधी ब्रॅम्पटनला होतो. तिथे बरं होतं, ड्राइव्हवेत सगळी पोरं एकत्र, कोण कुणाच्या घरात जेवलं ते संध्याकाळी कळायचं. मग तुझ्या नातवाला किचनरला कॉम्प्युटरचं चांगलं काम मिळालं, आणि उन्हाळ्यात आम्ही सगळं बांधून इकडे आलो. सगळे रुळले, मीसुद्धा रुळले, लायब्ररीच्या बसमध्ये मला आता ड्रायव्हर ओळखतो. पण ही पोरगी मिटली. घरी बोलायची, पण तेवढ्यास तेवढं. शाळेच्या बाईंनी सुनेला बोलावून सांगितलं की ती वर्गात बोलतच नाही, विचारलं तर मान हलवते, डबा एकटीच खाते. सून त्या दिवशी घरी आली ती बेसमेंटमधल्या तिच्या ऑफिसात जाऊन दार लावून बसली. मी चहा घेऊन खाली गेले तर मला म्हणाली, "आई, आपण हिला उपटून आणलं का हो?" मी आपली देवापुढे दिवा लावताना दुसरं काही मागत नव्हते. हिला कुणीतरी एक मिळू दे, बाकी तुझं तू बघ.

आणि मग हा प्रोजेक्ट आला. चौथीत आहे ती. मी चौथीतून शाळा सोडली आणि ही चौथीत ग्रीस नावाच्या देशातली जुनी गावं शिकते. दोन गावं, अथेन्स आणि स्पार्टा, एकमेकांची वैरी. कुठे कसा कारभार, कुठे माणसं कशी राहायची, ते चौघांनी मिळून मांडायचं, दोघं या गावाचे, दोघं त्या. बाईंनी विचारलं, जमणार कुणाच्या घरी? आमच्या बयेने हात वर केला. तोंड उघडलं नाही, हात वर केला. सून मला सांगताना रडायलाच आली होती.

त्या आठवड्यात मी दोन्ही गावांत राहून आले म्हण. मी पोळ्या लाटायची आणि ती समोर स्टुलावर बसून मला वाचून सांगायची, अर्धं इंग्रजीत, अर्धं आपल्यात. अथेन्समध्ये म्हणे राजा नाही. गावातले पुरुष टेकडीवर जमायचे आणि कुणीही उठून बोलायचं, चांभार का असेना. मग मत टाकायचं. कारभारी तर चिठ्ठ्या टाकून निवडायचे, आज तू, पुढच्या साली तो. एखादा माणूस फारच डोईजड झाला तर सगळ्यांनी फुटक्या खापरावर त्याचं नाव कोरायचं, आणि ज्याच्या नावाची खापरं जास्त, तो गावाबाहेर. मी ते ऐकून लाटणं खाली ठेवलं. म्हटलं, माय, आपल्या गल्लीत ही सोय असती तर धाकट्या काकाच्या नावाने आपल्या घरात एक मडकं शाबूत राहिलं नसतं.

स्पार्टाचं निराळंच. तिथे राजे दोन, एकाने दुसऱ्यावर डोळा ठेवायचा. वर म्हाताऱ्यांची सभा, साठीच्या पुढचेच पाहिजेत. त्या सगळ्यांवर दरसाल नवे निवडलेले पाच जण, राजालासुद्धा जाब विचारणारे. मुलगा सात वर्षांचा झाला की आईपासून काढून छावणीत. उघड्या पायाने चालायचं, गवतावर झोपायचं, कमी बोलायचं. पुरुषांनी बायकोच्या हातचं जेवायचं नाही, सगळ्यांनी एका पंगतीत, एकच अन्न. पण मुली? मी विचारलं. तर म्हणे मुली पळायच्या, भाले फेकायच्या, जमिनी त्यांच्या नावावर असायच्या, आणि पुरुषांना तोंडावर बोलायच्या. आणि अथेन्समध्ये, जिथे सगळ्यांनी बोलायचं, तिथे बायका घरात. टेकडीवर बाईला जागाच नाही.

माय, मला तूच आठवलीस. मामाच्या गावी सगळं स्पार्टाच होतं की. आजोबांचा दरारा, पहाटे सगळे पोरगे तालमीत, मोठे उठल्याशिवाय ताटावरून कुणी उठायचं नाही. पण त्याच घरात तू नदीत पोहायला शिकलीस, आणि मामी भर अंगणात आजोबांना म्हणायची, "तुम्हाला काय कळतं त्यातलं." कुणी तिला गप्प केलं नाही. आणि आपलं घर? आपल्या ओट्यावर रोज पेपर वाचला जायचा, आप्पा आणि त्यांचे दोस्त, कुंभार आला तरी त्याला बस म्हणायचे, त्याचंही ऐकायचे. दिल्लीपासून ग्रामपंचायतीपर्यंत सगळ्यावर वाद. आणि तू दाराच्या आत, पदर सावरून, चहाचे कप किती गेले किती आले ते बघत. तू स्पार्टाची, माय, आणि तुला दिली अथेन्सला.

ते पाचवीच्या वर्गाचं तुला आठवतंय का. ओट्यावर चर्चा चालली होती, गावात पाचवी काढायची मागणी करायची की नाही. कुणी म्हणे खर्च, कुणी म्हणे मास्तर कुठून आणणार, कुणी म्हणे पोरांना तालुक्याला पाठवू, पोरींना काय करायची पाचवी. मी उंबऱ्यात उभी. तोंडातून निघून गेलं, "पण का नको?" सगळे माझ्याकडे बघतात. आप्पासुद्धा. आणि तू माझी वेणी धरून मला आत ओढतेस आणि पाठीत धपाटा घालतेस, की मोठ्या माणसांत तोंड घालतेस, लाज नाही. मी त्या रात्री तुझ्याशी बोलले नाही. सकाळी चुलीपुढे मी काटक्या सारत बसले होते. तू भाकरी थापत होतीस, माझ्याकडे न बघता म्हणालीस, "हं. काल काय सांगत होतीस? आता सांग. सगळं सांग." आणि मी सांगितलं. पाचवीत काय असतं ते मला ठाऊक नव्हतं, तरी सांगितलं. परातीतलं पीठ संपलं तरी तू उठली नाहीस. पाचवी काही गावात आली नाही, माझी शाळा तिथेच थांबली. पण कुणीतरी पूर्ण ऐकून घेतलं होतं, एवढ्यावर माझं पुष्कळ निभावलं. हे तुला कधी म्हणाले नाही मी.

तर रस्सा. पोरगी मला म्हणाली, "आजी, कॅन यू मेक ब्लॅक सूप? स्पार्टन्स रोज खायचे."

"त्यात घालायचं काय?"

"पिग्ज ब्लड अँड व्हिनेगर."

"शिव शिव."

"रिअल ब्लड नाही गं, आजी. फक्त ब्लॅक हवं. आणि इट हॅज टू बी यकी. दॅट्स द होल पॉइंट."

कुणी परगावचा पाहुणा म्हणे तो रस्सा चाखून म्हणाला होता, आता कळलं ही माणसं मरायला का घाबरत नाहीत. तिचा बेत असा, की सगळ्यांनी आधी तो चमचाभर चाखायचा, तोंडं वाकडी करायची, मग हिने अथेन्सचं ताट पुढे करायचं, अंजीर, ऑलिव्ह, मध आणि मऊ पाव. मग मत घ्यायचं. हिचं गाव अथेन्स. तिने तो बेत किती दिवस मनात घोळवला होता ते मी बघत होते. अंजीर तिने स्वतः निवडून आणले, दुकानात एकेक पाकीट हातात घेऊन.

आता काळं म्हटल्यावर आपल्याला दुसरं काय येतं. काळ्या मसाल्याचा रस्सा, त्यात डुबुकवडे. इथे गॅस नाही, काचेची सपाट शेगडी, तिच्यावर खोबरं भाजायला गेलं की छतावरचा अलार्म बोंबलतो आणि मुलगा टॉवेल हलवत धावतो. म्हणून मी सुनेचे बर्फातले बूट घालून मागच्या अंगणात गेले आणि बार्बेक्यूवर कांदे आणि खोबऱ्याची वाटी ठेवली. पार काळंभोर होईपर्यंत. शेजारचा गोरा म्हातारा कुंपणावरून बघत होता, वास घेऊन अंगठा दाखवला त्याने. मग वाटण, लसूण, आलं, मसाला. तिखट कमी, लेकरं आहेत. रटरट उकळी आल्यावर बेसनाचे वडे सोडले.

आणि तो आता वाईट करायचा होता. मला समजेना वाईट करतात कसं. मूठभर मीठ घेतलं हातात आणि भांड्यावर धरलं. माय, हात उघडेना. या घरी पहिल्यांदा पाय ठेवणारी लेकरं, आणि त्यांच्यापुढे मी मुद्दाम खराब केलेलं वाढू? मी मीठ परत बरणीत टाकलं. वरून कोथिंबीर घातली. म्हटलं, रंग तर काळा आहे, पुढचं त्यांनी तोंडं वाकडी करून निभावून न्यावं.

तर जमली चौघं टेबलाशी. मोठा पुठ्ठा मधोमध, रंग, कात्र्या. पंजाब्यांची आणि कुरळा स्पार्टाचे, लाल केसांची आणि आपली अथेन्सच्या. ती तिघं बोलत होती, आपली पोरगी नुसती चित्रं चिकटवत होती. मी वाट्या भरल्या. तेवढ्यात मला राहवलं नाही, पंजाब्यांच्या मुलीला हिंदीत विचारलं, "बेटा, वो सब मर्द लोग टेकडी पे बैठते थे, छावणी में बैठते थे, तो खेत में कौन जाता था? रोटी कौन करता था?"

तिने बाकीच्यांना सांगितलं. कुरळा म्हणाला, "हेलॉट्स. स्पार्टाने शेजारचा मुलूख जिंकून तिथल्या माणसांना राबवलं." लाल केसांची म्हणाली, "अथेन्सकडेही स्लेव्ज होते. बोथ." आणि त्यांना मत होतं का, तर नाही. बाहेरून येऊन राहिलेल्यांना? अथेन्समध्ये पुष्कळ होते, धंदा करायचे, कर भरायचे, मत नाही. मी म्हटलं, म्हणजे माझ्यासारखे. मला इथे राहायचं कार्ड आहे, मताचं नाही. ते ऐकून पंजाब्यांची म्हणाली, "मेरी दादी भी." कुणाकुणाला मत नव्हतं ते त्यांनी पुठ्ठ्यावर खाली लिहिलं, दोन्ही गावांच्या खाली, लाल पेनने. मला त्यांचं कौतुक वाटलं, कारण अभिमानाच्या गोष्टींखाली कुणी असं लिहीत नाही सहसा.

मग रस्सा चाखला. कुरळ्याने चमचा तोंडात घातला आणि तोंड वाकडं करायला जो थांबला तो थांबलाच. दुसरा चमचा. पंजाब्यांची म्हणाली, "दादी, ये तो मस्त है." लाल केसांचीचं नाक आधीच लाल, ते अजून लाल झालं, पाणी प्यायली आणि वाटी पुढे केली, मोअर प्लीज. वडे संपले. अंजिरांना कुणी हात लावला नाही. मत घेतलं, दोन वाट्यांत वाटाणे टाकून. स्पार्टाच्या वाटीत तीन, अथेन्सच्या वाटीत एक. तिची जोडीदारीणसुद्धा फुटली.

"सॉरी," लाल केसांची म्हणाली, "इट्स जस्ट रिअली गुड."

आपलीने माझ्याकडे बघितलं. अगदी हळू म्हणाली, "आजी, यू रुइन्ड इट." आणि मान खाली. केस पुढे आले, चेहरा दिसेना. इतक्या महिन्यांनी दारात माणसं आली आणि मी एका रस्स्यापायी त्यांना घालवते की काय. आता ही पोरं बूट घालतील, जातील, पुन्हा कशाला येतात.

तो कुरळा गुणाचा. म्हणाला, मग स्पार्टासारखं मत घेऊ. स्पार्टात म्हणे म्हातारे निवडताना लोकांनी आरोळी ठोकायची. ज्याच्यासाठी मोठी आरोळी तो जिंकला. आणि पंच बंद खोलीत बसवायचे, म्हणजे कोण ओरडतंय ते त्यांना दिसायला नको. कान एवढेच. "वी नीड अ जज," तो म्हणाला, आणि सगळी माझ्याकडे बघायला लागली. पंजाब्यांचीने मला समजावलं, "दादी, आप वॉशरूम में बैठो. हम एक एक करके अपने गाँव के लिए चिल्लाएंगे. आप बस नंबर बोलना."

तर माय, मी साठी केव्हाच ओलांडलेली बाई, स्पार्टाची पंच म्हणून कमोडचं झाकण लावून त्यावर बसले, दार बंद. बाहेर कुजबुज, हसणं, सरकासरकी. पहिली आरोळी आली, बरी होती, पण मधेच घसा बसला. दुसरी अर्ध्यात हसण्यात गेली. मग काहीच नाही. बराच वेळ काही नाही. मी उठणार तेवढ्यात आली ती. कपाटावरची शाम्पूची बाटली हलली असेल. लांब, सरळ, मधे न तुटता, संपता संपेना. चौथी आली ती त्यापुढे मांजराचं पिल्लू. मी आतूनच सांगितलं, "तीन नंबर." मनात म्हटलं, पंजाब्यांची, दुसरं कोण, बापाने सांगितलंच होतं.

दार उघडलं तर ती तिघं आपल्या पोरीकडे बघत उभी. आणि ती मधोमध, चेहरा लालबुंद, मुठी आवळलेल्या.

मग ती थांबलीच नाही. "स्पार्टामध्ये यू कॅन ओन्ली येल," ती म्हणाली. "हो किंवा नाही, दॅट्स इट. अथेन्समध्ये यू गेट टू से व्हाय. सो आय ॲम सेइंग व्हाय." आणि ती सांगायला लागली. इतकं भरभर की मला अर्धंच कळलं. सूप चांगलं म्हणून सरकार चांगलं होत नाही, हे कळलं. सात वर्षांच्या पोराला कुणी विचारलं का, तुला आई सोडून जायचंय का, हेही कळलं.

कुरळा म्हणाला, "बट गर्ल्स कुडन्ट टॉक इन अथेन्स."

"दॅट्स द बॅड पार्ट. आय ॲम गेटिंग टू दॅट."

तेवढ्यात बेसमेंटच्या जिन्यावरून सून धावत वर आली, हेडफोन गळ्यात, "काय झालं, कोण पडलं?" मी तिला हाताने खूण केली, थांब. ती जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली. खाली तिची मीटिंग चालू होती, कुणीतरी तिला हाक मारत होतं, ती उठली नाही. दोघी ऐकत राहिलो. पोरगी आता पुठ्ठ्यावर बोट आपटत होती, लाल केसांची परत तिच्या बाजूला आली होती, आणि पंजाब्यांची कंबरेवर हात ठेवून म्हणत होती, "ओके, बट लिसन, लिसन."

कोण जिंकलं ते ठरलंच नाही. पुठ्ठ्यावर त्यांनी स्पार्टाच्या बाजूला वाटीचं चित्र काढलं, काळ्या रंगाने भरलं, आणि खाली लिहिलं की आमच्या सूपवर विश्वास ठेवू नका, खरं सूप वाईट होतं. अंजीर शेवटी कुरळ्याने संपवले.

मी हे जेवणाच्या टेबलावर बसून लिहितेय, अक्षर तसंच, चौथीतलं. पोस्टात टाकायचा प्रश्नच नाही, तुझा पत्ता नाही, आणि असता तरी तुला वाचता कुठे येत होतं, तू कुणाला तरी वाचायला लावली असतीस आणि मग गावभर झालं असतं. कपाटात पडून राहू दे.

एक सांगते, ते फक्त तुला. मुलगा कामावरून आला तेव्हा सुनेने त्याला सगळं सांगितलं, आणि त्याने मला विचारलं, आई, तुला आवाज ओळखू आला का गं? मी म्हटलं, न ओळखायला काय झालं, माझीच नात. सगळे खूश झाले. पण माय, मला नव्हता आला. मी त्या बंद दाराआड बसून ती आरोळी पूर्ण ऐकली आणि मला वाटलं, कुणाची ही एवढी जोराची पोरगी.

रविवारी दुपारी येतो म्हणालीत तिघंही.